तूस, कोळसा आणि लहरी अडवणारी भिंत

शंभर किलो भात गिरणीत घातले की साधारण वीस किलो तूस निघते. ते तूस मोकळ्या हवेत पूर्ण जळू दिले तर चारेक किलो राख उरते. तिचा रंग पांढरट, आणि तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका. तेच तूस हवा कोंडून भाजले तर कोळसा मिळतो: काळा, हलका, हाताला लागणारा. पांढरी राख सिमेंटाशी जमवून घेते आणि काँक्रीट घट्ट करते. विद्युतचुंबकीय लहरींना मात्र ती जवळजवळ पारदर्शक असते. काळ्या कोळशाचे उलट आहे. मजबुतीला त्याचा उपयोग बेताचाच, पण पुरेशा उष्णतेवर भाजलेला असेल तर तो लहरी गिळतो. शेतातल्या टाकाऊ मालापासून लहरी अडवणारे बांधकाम साहित्य करण्याचा जो विषय आहे, त्यातला निम्मा गोंधळ ही दोन द्रव्ये एकच मानल्यामुळे होतो. तूस, करवंटी, चिपाड, पऱ्हाटी यांत लहर अडवण्याचा अंगचा गुण नसतो. तो भट्टीत येतो.

हा विषय कामोठ्यासारख्या ठिकाणावरून पाहिला तर त्याच्या दोन्ही बाजू एकदम दिसतात. पनवेल तालुक्यातले हे गाव खाडीकाठच्या खारपट भातशेतीचे. १९७० साली नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, जमिनी संपादित झाल्या, आणि पुढे जमीन गेलेल्यांसाठीच्या साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडांवर एकमेकींना खेटून इमारती उभ्या राहिल्या. २०१६ पासून हा भाग पनवेल महानगरपालिकेत आहे. कामोठ्याच्या सेक्टरांत आता भाताचे शेत शोधून सापडणार नाही. पण पेण, कर्जत, अलिबागकडे ते आहे, कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारेपणा सोसणारी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणे याच पट्ट्यासाठी दिली आहेत. म्हणजे तूस तासाभराच्या अंतरावर आहे. आणि लहरी? एका जिन्याच्या वीस-पंचवीस घरांत तितकेच वायफाय राऊटर, गच्चीवर मोबाइलचे अँटेना, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, त्याच्या आसपास तपासणी केंद्रे. पनवेलजवळ २०२० पासून मोठे डेटा सेंटर चालू आहे. कच्चा माल आणि गरज इतक्या जवळ असलेली ठिकाणे महाराष्ट्रात फार नाहीत.

लहर अडवणे म्हणजे काय, हे आधी पाहायला हवे. मायकेल फॅरडेने १८३६ साली धातूने मढवलेली एक खोली बांधली आणि बाहेर विजेच्या ठिणग्या उडत असताना आत काहीच जाणवत नाही हे दाखवले. आजची प्रत्येक कवचबंद खोली त्या खोलीचीच वारस. लहर भिंतीवर आदळते तेव्हा तिचा काही भाग परत फिरतो, काही भाग भिंतीच्या आत उष्णता होऊन जिरतो, आणि उरलेला पलीकडे निघतो. भिंतीच्या आतल्या थरांत किंवा छिद्रांत लहर उलटसुलट आपटत राहिली तर जिरण्याची संधी वाढते. तांब्यासारखा धातू मुख्यतः लहर परतवतो. कोळसा मिसळलेल्या सिमेंटात परतवणे आणि जिरवणे दोन्ही चालतात, आणि जिरवण्याचा वाटा मोठा असतो. दाट वस्तीत हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण परतवलेली लहर नाहीशी होत नाही. ती समोरच्या घरात जाते.

अडवणुकीचे माप डेसिबलमध्ये सांगतात, आणि हे माप फसवे आहे. १० डेसिबल म्हणजे लहरीच्या शक्तीचा दहावा भाग पलीकडे गेला. २० डेसिबल म्हणजे शंभरावा, ३० म्हणजे हजारावा. त्यामुळे “९९ टक्के लहरी अडतात” असे जाहिरातीत वाचले की ते फक्त २० डेसिबल आहे, हे ध्यानात ठेवावे. एमआरआयच्या खोलीला साधारणपणे १०० डेसिबलची अडवणूक लागते, म्हणजे बाहेरच्या लहरीचा एक हजार कोटीवा भागच आत यावा. २० आणि १०० या आकड्यांत पाचपटीचे अंतर दिसते. प्रत्यक्षात ते दहा कोटी पटींचे आहे.

वाहक द्रव्यात लहर किती खोल शिरते हे त्याच्या विद्युतवाहकतेवर आणि लहरीच्या वारंवारतेवर ठरते. एक गिगाहर्ट्झला, म्हणजे मोबाइलच्या पट्ट्याच्या आसपास, तांब्यात ही खोली सुमारे दोन मायक्रोमीटर भरते. म्हणून कागदाहून पातळ पत्राही पुरतो. कोळशाची पूड घातलेल्या गिलाव्याची वाहकता आशावादी हिशेबाने मीटरला एक सीमेन्स धरली, तर त्याच लहरीची खोली सुमारे १८ मिलिमीटर येते. म्हणजे तांब्याच्या आठ हजार पटींहून जास्त. योगायोग असा की घराच्या भिंतीवर गवंडी जो गिलावा चढवतो त्याचीही जाडी पंधरा-वीस मिलिमीटरच असते. तेवढ्या एका थरात लहर जिरण्यामुळे साधारण पावणेनऊ डेसिबल मिळतात, परतवण्याचे थोडे वेगळे. सगळ्या विषयाची मोजपट्टी हीच: साध्या गिलाव्याच्या जाडीत दहा-पंधरा डेसिबल. त्याहून मोठा दावा कोणी केला तर आधी जाडी विचारावी.

आता कच्च्या मालाकडे. तुसाचा बांधकामाशी संबंध जुना आहे. कोकणात कुडाच्या भिंती लिंपताना मातीत शेण आणि तूस मळत, म्हणजे सुकताना भेगा पडत नसत. रायगडातल्या वीटभट्ट्यांवर तूस मातीतही मिसळतात आणि विटांच्या थरांमध्ये जळण म्हणूनही पसरतात. घरात त्याची राखुंडी होई. ती दात घासायला करकरीत लागे, कारण सिलिका. भाताचे रोप जमिनीतून सिलिका ओढून घेते आणि दाण्याच्या कवचात साठवते, म्हणून गुरे तूस खात नाहीत आणि ते लवकर कुजतही नाही. गिरणीवाल्याला ते डोईजड होते याचे कारण हेच.

या सिलिकेचे सिमेंटाशी जमते कसे? सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा त्यातून मोकळा चुना सुटतो. त्या चुन्याचा मजबुतीला उपयोग नसतो, उलट तो पाण्याबरोबर झिरपून भिंतीवर पांढरे फटके उमटवतो. राखेतली सिलिका या चुन्याशी जुळून सिमेंटासारखाच चिकट पदार्थ बनवते आणि काँक्रीटातली बारीक छिद्रे भरते. अट एकच: सिलिका स्फटिकरूप झालेली नसावी. तूस साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या आत जळले तर सिलिका अस्फटिक राहते. ताप त्याच्या बराच वर गेला आणि तिथे रेंगाळला तर तिचे स्फटिक बनतात आणि ती आळशी होते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले काँक्रीटतज्ज्ञ पोविंदर कुमार मेहता यांनी १९७०च्या दशकात नियंत्रित भट्टीतल्या तुसाच्या राखेवर काम करून पेटंट घेतले, आणि तेव्हापासून हा विषय प्रयोगशाळेत स्थिरावला. भारतात आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत तुसाची राख खनिज मिश्रण म्हणून नावानिशी आली आहे. उसाच्या चिपाडाच्या राखेतली सिलिकाही चुन्याशी अशीच जुळते. साखर कारखान्यांच्या बॉयलरमधून ती निघते, पण तिचा दर्जा बॉयलरागणिक बदलतो.

इथे एक गंमत आहे. स्थापत्य अभियंत्याला काळी राख नको असते. राखेत न जळलेला कार्बन उरला की ती जास्त पाणी पिते, काँक्रीटात घातलेली रसायने शोषून घेते आणि रंगही काळवंडतो. म्हणून राख घेताना ती पुन्हा भाजून किती वजन घटते ते पाहतात, आणि घट जास्त निघाली तर गाडी परत पाठवतात. परत गेलेल्या त्याच गाडीत लहरींच्या अभ्यासकाला हवा असलेला माल असू शकतो. “असू शकतो” एवढेच. कारण प्रत्येक काळी गोष्ट वाहक नसते.

तुसाचा कोळसा पाडण्याची साधी रीत रोपवाटिकांत चालते. पत्र्याच्या डब्याला बाजूने भोके पाडतात, वर धुराड्याचा पाइप बसवतात, डब्याखाली निखारे ठेवतात आणि भोवती तुसाचा ढीग रचतात. धूर पाइपातून जातो, ढीग आतून तापत येतो. काही वेळाने त्याच्या अंगावर काळे डाग उमटू लागतात. फावड्याने वरचे खाली आणि खालचे वर करत राहायचे आणि सगळा ढीग काळा झाला की लगेच पाणी मारायचे. माणूस चहाला गेला आणि पाणी मारायला उशीर झाला, तर कोळशाची राख होते. असा कोळसा चारशे-पाचशे अंशांचा असतो. मातीत घालायला उत्तम. मात्र त्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला तर काटा फारसा हलत नाही.

वाहकता त्याच्या पुढच्या तापमानाला येते. लाकूडवर्गीय पदार्थ हवेविना तापवत नेला की आधी पाणी जाते, मग वायू आणि डांबर, आणि कार्बनचा सांगाडा उरतो. सहाशे ते नऊशे अंशांच्या दरम्यान या सांगाड्यातले कार्बनचे अणू ग्राफाइटसारख्या छोट्या चकत्यांत मांडले जाऊ लागतात, चकत्या एकमेकींना भिडतात आणि रोध कित्येक पटींनी खाली येतो. म्हणून या विषयावरच्या प्रत्येक नोंदीत भाजण्याचे तापमान हा पहिला आकडा असायला हवा. “तुसाचा बायोचार (कोळसा) वापरला” या वाक्याला त्याविना अर्थ नाही.

तुसाची आणखी एक अडचण आहे, आणि ती त्याच्या गुणातूनच आलेली आहे. त्याच्या कोळशात सिलिकाही तेवढीच ठासलेली असते, किंबहुना कोळशाच्या वजनात तिचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास जातो. सिलिका वीज वाहत नाही. कार्बनच्या कणांमध्ये ती भिंतीसारखी उभी राहते. अल्कलीत धुऊन ती काढता येते, पण त्यात खर्च आहे आणि सांडपाणी आहे. याउलट नारळाच्या करवंटीत राख एक-दोन टक्क्यांच्या घरात असते, आणि तिचा कोळसा घट्ट, जवळजवळ शुद्ध कार्बनचा निघतो. पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरात तो पूर्वीपासून वापरात आहे. कोकणाला या दोन्हींची वाण नाही. मग तुसाकडून लहरी अडवण्याचा आणि करवंटीकडून मजबुतीचा हट्ट कशाला? तूस पांढरे जाळून सिमेंटाला द्यावे आणि करवंटी काळी भाजून लहरींना, ही वाटणी जास्त शहाणपणाची दिसते. काजूच्या टरफलाचाही कोळसा होतो, पण त्यातले दाहक तेल आधी काढावे लागते; ते तेल रंग आणि ब्रेकच्या अस्तरांसाठी विकले जात असल्याने त्या टरफलाला टाकाऊ म्हणणेही कठीणच.

कोळशाची पूड सिमेंटात घातली की काम झाले, असेही नाही. चिवड्यात मूठभर शेंगदाणे टाकले तर एक दाणा इथे, दुसरा तिथे. कुणाचा कुणाला स्पर्श नाही. वाटीवाटीने वाढवत गेले की एका टप्प्यानंतर दाण्याला दाणा लागतो आणि चिवड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाण्यांची साखळी तयार होते. कार्बनच्या कणांचे तसेच आहे. साखळी जुळेपर्यंत वाहकता जवळपास तेवढीच राहते, जुळली की एकदम उसळते. हा उंबरठा गोल कणांना उशिरा आणि लांबट धाग्यांना लवकर मिळतो. म्हणूनच अमेरिकेत बफेलो विद्यापीठातल्या डी. डी. एल. चुंग यांनी सिमेंटात आखूड कार्बन तंतू घालून थोड्या मात्रेत चांगली अडवणूक मिळवली. शेतमालाचा कोळसा दळला की कण ओबडधोबड निघतात. त्यांची मात्रा वाढवावी लागते, आणि मात्रा वाढली की मिश्रण पाणी मागते, मजबुती उतरते. चांगली अडवणूक आणि चांगली मजबुती यांत ओढाताण असते ती इथे.

शेतमालाच्या बाजूचे काम याच ओढाताणीतून पुढे सरकले आहे. इटलीत तुरीनच्या तंत्रविद्यापीठातल्या गटाने शेंगदाण्याची आणि हेझलनटची टरफले भाजून, अतिशय बारीक दळून, सिमेंटात अगदी थोड्या प्रमाणात घातली आणि २०१५ साली त्यांची लहरी अडवण्याची क्षमता प्रसिद्ध केली. दळण जितके बारीक तितकी साखळी थोड्या मालात जुळते आणि मजबुतीही टिकते, हा त्यातला धडा. शेंगदाण्याची टरफले हा माल महाराष्ट्राला परका नाही. मलेशियात पर्लिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१०च्या सुमारास वेगळा मार्ग धरला: तुसाच्या दाबीव फळ्या करून त्यांचे पिरॅमिडच्या आकाराचे शोषक बनवले. अँटेनांच्या चाचणीच्या खोल्यांत भिंतींवर जे निळे-काळे फोमचे सुळके दिसतात, त्यांची जागा घेण्याचा हा प्रयत्न. असा शोषक आतल्या लहरीचा प्रतिध्वनी मारतो. बाहेरची लहर अडवण्याचे काम त्याच्यामागचा धातूचा पत्राच करतो. शोषक आणि कवच ही दोन वेगळी कामे आहेत.

फळ्यांचा विषय निघाला म्हणून मुंबईतल्या एका संस्थेचा उल्लेख इथे यायला हवा. माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ सालापासून आहे. कापूस वेचून झाल्यावर विदर्भातल्या शेतात उभ्या राहणाऱ्या पऱ्हाट्या एरवी चुलीत जातात किंवा बांधावर पेटतात. या संस्थेने त्यांचे तुकडे करून, राळ मिसळून, गरम दाबाखाली पार्टिकल बोर्ड बनवण्याची पद्धत विकसित केली. हे बोर्ड लहरींसाठी केलेले नव्हते. पण शेतातल्या काटक्यांपासून घरात बसवता येईल अशी एकसारखी फळी बनवण्याचा अवघड टप्पा तिथे पार झालेला आहे. त्याच्या दोन थरांमध्ये वाहक कोळशाचा एक पातळ थर देणे ही त्यापुढची पायरी. सिमेंटाचा मार्ग आडवळणाचा वाटत असेल तर बोर्डाचा सरळ आहे: बोर्डात लोखंडी सळई नसते आणि त्याला वीस-पंचवीस वर्षे पावसात उभे राहायचे नसते.

सळईचा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही. कार्बन आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना भिडले की त्यांच्यात बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो, आणि त्यात झिजते ते लोखंड. कामोठे खाडीला लागून आहे. हवेत मीठ आहे, जमिनीत मीठ आहे, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आहे. इथल्या जुन्या इमारतींच्या सज्जांखाली सुटलेले काँक्रीट आणि गंजून फुगलेल्या सळया कुणालाही दिसतील. अशा जागी वाहक कोळसा स्तंभ-तुळईच्या काँक्रीटात घालणे म्हणजे रोगाला आवतण. तो आतल्या भिंतींच्या गिलाव्यात, टाइल्समध्ये, विटांमध्ये, बोर्डात चालेल. भार पेलणाऱ्या काँक्रीटात नको.

ओलाव्याची दुसरी करामत मोजणीत दिसते. पाणी स्वतः लहर जिरवते, आणि सिमेंटाच्या छिद्रांतले खारट पाणी तर वीजही वाहते. त्यामुळे पावसाळ्यात भिजलेली साधी भिंतसुद्धा चांगली अडवणूक दाखवते आणि मे महिन्यात तीच भिंत ढिली पडते. नमुना भट्टीत वाळवून वजन स्थिर झाल्याशिवाय केलेली मोजणी कोळशाची नसून पाण्याची असते. छापलेल्या अनेक चकचकीत आकड्यांमागे हे पाणी असावे, अशी शंका घ्यायला जागा आहे.

मोजण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. प्रयोगशाळांत ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लोकप्रिय आहे, कारण त्या पट्ट्याच्या लहरनळीत (वेव्हगाइडमध्ये) बसणारा नमुना सुमारे २३ मिलिमीटर बाय १० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढा, लागतो आणि तो करणे सोपे. पण घरातला वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर, मोबाइल बहुतांशी त्याच्याही खाली, आणि दीड टेस्लाचा एमआरआय ६४ मेगाहर्ट्झवर चालतो. पेराएवढ्या तुकड्याचा आकडा अख्ख्या खोलीला लावता येत नाही, कारण खोलीला दार असते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. तिच्या निम्म्या लांबीची, म्हणजे सहा-सव्वासहा सेंटिमीटरची फट तिला सरळ वाट देते. दाराखालची फट तीन फूट लांब असते. भिंत कितीही काळी केली तरी लहर दाराखालून येते, खिडकीच्या काचेतून येते, विजेच्या तारेवर बसून येते. कवचबंद खोलीत खरा खर्च दाराच्या चौकटीवरच होतो.

एवढे झाल्यावर उपयोग कुठे, हे सांगणे सोपे जाते. एमआरआयची खोली यातून बाद. एक सीमेन्सच्या गिलाव्याने ६४ मेगाहर्ट्झला १०० डेसिबल गाठायचे तर परतवण्याचा वाटा धरूनही थर दोन फुटांहून जाड लागेल. तिथे तांब्याचा पत्राच हवा, आणि अशी यंत्रे देशात घडवण्याच्या प्रकल्पात असलेल्या पवईच्या समीर संस्थेतही वेगळे कुणी सांगणार नाही. फिजिओथेरपीतले शॉर्टवेव्ह डायथर्मी यंत्र २७.१२ मेगाहर्ट्झवर चालते. त्याची लहर अकरा मीटर लांब, म्हणजे शेजारची खोली अजून यंत्राच्या पदराखालीच. तिथे वरचे हिशेबच लागू होत नाहीत. ट्रान्सफॉर्मरच्या ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला तर कोळसा दिसतसुद्धा नाही. त्याला पोलाद किंवा खास मिश्रधातू लागतो. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीसारख्या ठिकाणी, जिथे आकाशातली क्षीण रेडिओ लहर ऐकायची असते, यंत्रांच्या स्वतःच्या गोंगाटावर धातूची पेटी हाच उपाय आहे.

उरतो तो गिगाहर्ट्झचा पट्टा आणि दहा-पंधरा डेसिबलची माफक गरज. आणि ही गरज कामोठ्यासारख्या वस्तीत खरी आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच: १, ६ आणि ११. एका जिन्यातले वीस राऊटर त्या तीन मार्गांवर दाटी करतात, आणि संध्याकाळी सगळ्यांचाच वेग बसतो. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीने १० डेसिबल जास्त अडवले तर शेजारचा गोंगाट दशांशावर येतो, आणि घरातल्या घरात काहीच अडत नाही. इमारतीतली दूरसंचाराची खोली, महाविद्यालयाची इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा, या जागांनाही एवढा आडोसा पुरतो. टॉवरच्या भीतीपोटी सगळे घर लिंपून घेणे मात्र व्यर्थ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना “शक्यता नाकारता येत नाही” अशा गटात ठेवले, भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दशांशावर आणली. आणि लिंपलेल्या घरातला मोबाइल, सिग्नल मिळेना म्हणून, कानाशी धरला असताना जास्त जोराने लहर सोडतो. भिंतीने भीती बाहेर ठेवली आणि लहर आत वाढवली, असा हा व्यवहार होतो.

माल हाताळणाऱ्यांचा विचारही याच विषयाचा भाग आहे. अति तापलेल्या तुसाच्या राखेतली स्फटिक सिलिका श्वासात गेली तर फुफ्फुसाचा कायमचा आजार देते. कोळशाची बारीक पूड पेट घेते, पोत्यात भरल्यावर कधी आपोआपही धुमसते. भट्टीवर आणि दळणावर काम करणारा मजूर बहुधा त्याच वीटभट्टीवरून आलेला असणार, आणि त्याच्या तोंडावरचा रुमाल हे संरक्षण नव्हे. ओली दळणी आणि नीट बसणारे मास्क हा खर्च साहित्याच्या दरात सुरुवातीलाच धरावा. न भाजलेले चिपाड किंवा पेंढा सरळ सिमेंटात कालवण्याचा मोहही टाळावा, कारण त्यातली उरलेली साखर सिमेंटाला धरू देत नाही.

पनवेल-कर्जत पट्ट्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात हे काम हाती घ्यायचे ठरले तर साहित्य पोत्याच्या भावात मिळेल. त्यांनी एक पोते तूस आणि एक पोते करवंट्या घ्याव्यात. भाजण्याचे तापमान, भाजण्याचा वेळ, दळणाचा बारीकपणा, थराची जाडी आणि नमुन्यातला ओलावा या पाच गोष्टी डेसिबलच्या आकड्याआधी लिहाव्यात. पेराएवढ्या तुकड्यावर न थांबता दारासकट एक खोली लिंपून पाहावी. आणि त्या खोलीची मोजणी एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टात करावी.